कबाडातली बीएमएक्स घ्यावी का, आणि घेतलीच तर उभी कशी करावी

दारव्हा तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे. यवतमाळच्या एका कबाड्याकडे त्यांना वीस इंची चाकांची जुनी सायकल दिसली. हँडलला आडवी दांडी आहे आणि नळीवर 'बीएमएक्स' लिहिलेलं आहे. कबाडी बाराशे मागतो. नागपूरचा एक जण 'ओरिजिनल इम्पोर्टेड, ऐंशीच्या दशकातली' म्हणून दुसरी सायकल नऊ हजारांना विकतोय आणि भाव थोडा कमी करायला तयार आहे. यांचं बजेट दुरुस्तीसकट सहा हजार, उंची पाच फूट सात इंच. गावच्या रस्त्यावर आणि पांदणीवर चालवायची आहे, जमलं तर बांधावरून उडवायचीही आहे. कोणती घ्यावी आणि सुरुवात रंगापासून करावी का, असं ते विचारतात.

भाऊ, कोणती सायकल जास्त ओरिजिनल हे तुमच्या बजेटमध्ये दुय्यम आहे. आधी हे पाहा की तिचा एखादा भाग गेला तर तो दारव्हा-दिग्रसच्या दुकानात मिळेल का. जुनी सायकल विकत घेताना फारसे पैसे जात नाहीत. नंतर चार ठिकाणी भाग शोधत फिरण्यात जातात. म्हणून मी रंग आणि नाव शेवटी बघतो. आधी फ्रेम सरळ आहे का आणि मापं इथल्या बाजारात चालणारी आहेत का, एवढंच तपासतो. या दोन्हींत पास झालेली कबाडातली सायकल मी नऊ हजारांच्या नापास सायकलीपेक्षा वर धरतो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे समोर काय आहे ते ओळखता येईल. बीएमएक्स म्हणजे बायसिकल मोटोक्रॉस. हा प्रकार १९७० च्या आसपास दक्षिण कॅलिफोर्नियात सुरू झाला. मोटोक्रॉसची, म्हणजे मातीतल्या मोटारसायकल शर्यतीची, नक्कल म्हणून पोरं श्विन कंपनीच्या स्टिंग-रे सायकली मातीच्या ट्रॅकवर पळवत. त्यातून १९७४ पासून मंगूस, रेडलाइन यांच्यासारख्या कंपन्यांनी खास मजबूत भाग आणि फ्रेमा काढल्या. १९८२ मध्ये इंग्लंडात रॅलेने 'बर्नर' आणली. आंतरराष्ट्रीय संघटना १९८१ ची आणि पहिली जागतिक स्पर्धा १९८२ ची. ऑलिंपिकमध्ये ही शर्यत २००८ ला बीजिंगला आली. आपल्याकडे त्या काळात आणि नंतर ज्या 'बीएमएक्स' विकल्या गेल्या, त्या बहुतेक मुलांच्या साध्या सायकलींना दिलेलं रूप होतं: उंच हँडल, स्पंजचे पॅड, पुढे नंबर प्लेट. नळ्या साध्या पोलादाच्या, वजन जास्त. त्यांना हिणवायचं कारण नाही. नुसतं चालवायचं असेल तर त्या उलट सोयीच्या, कारण त्यांचे बरेच भाग आजही आपल्या नेहमीच्या सायकलींशी जुळतात. उडी मारायला मात्र त्या बनवलेल्या नाहीत.

इम्पोर्टेड आहे म्हणून कोणी 'चार हजार एकशे तीस' म्हणजे ४१३० असा स्टिकर दाखवला तर त्यावर विसंबू नका. ४१३० हे क्रोमियम-मॉलिब्डेनमचं मिश्र पोलाद आहे. साध्यापेक्षा ताकदवान असल्याने त्याची नळी पातळ ठेवता येते आणि सायकल हलकी होते. स्टिकर पन्नास रुपयांत छापून मिळतो. मागच्या चाकाचा एक्सल ज्यात बसतो ती पट्टी बघा. ती पाच-सहा मिलिमीटर जाड, कापलेल्या प्लेटची असेल तर आशा आहे. तीनएक मिलिमीटरच्या पत्र्याची, ठोकून बनवलेली किंवा चपट्या केलेल्या नळीची असेल तर साधी सायकल समजा. सीटच्या दांडीचं मापही बोलतं. २७.२ मिलिमीटरची दांडी बसत असेल तर नळी बहुधा पातळ आणि चांगल्या पोलादाची. २५.४ ची असेल तर दोन्ही शक्यता उरतात. शिमानोचा हब किंवा ब्रेक असेल तर त्यावर दोन रोमन अक्षरं ठोकलेली सापडतील. पहिलं अक्षर सालाचं: ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७, या क्रमाने एच म्हणजे १९८३. दुसरं महिन्याचं, ए ते एल. अर्थात यावरून त्या भागाचं वय कळतं, सायकलीचं नाही. हब कधीही बदललेला असू शकतो.

आता कबाड्याकडे जाताना काय न्यायचं ते. दोनेक मीटर सुताची दोरी, व्हर्नियर किंवा निदान स्टीलची पट्टी, एक छोटं चुंबक, खडू, बाटलीत थोडं डिझेल आणि एक मोठा पाना. दुपारच्या उन्हात जा, टिनाच्या शेडखाली पाहू नका. सायकल बाहेर ओढून आणायला सांगा.

पहिली नजर हँडलच्या नळीखाली, जिथे खालची तिरपी नळी जोडलेली असते तिथे. सायकल समोरून कशावर आदळली असेल तर याच जागी नळीच्या पोटाला सुरकुती किंवा फुगवटा येतो आणि रंग आडवा तडकतो. बोट फिरवा, डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळतं. फुगवटा असेल तर तिथेच हात जोडून निघा, बाराशेचे चारशे झाले तरी. त्या जागेवर प्रत्येक खड्ड्याचा मार येतो. तिथून तुटते तेव्हा चिमट्यासकट, म्हणजे चाक धरणाऱ्या फोर्कसकट, पुढचं चाक निघून जातं. नुसता रंग तडकला की लोखंड, हे ठरवायला डिझेल लावा, पाच मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडूची भुकटी चोळा. भेग खरी असेल तर आत शिरलेलं डिझेल भुकटीवर ओली बारीक रेघ काढतं. नुसत्या रंगाची असेल तर बहुतेक काही येत नाही, आलंच तर रंग खरडून पुन्हा करा. हीच परीक्षा पेडलच्या बीबीजवळ (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो तो डबा), मागच्या नळ्यांच्या जोडांवर आणि सीटच्या क्लॅम्पखाली करा.

मग दोरी. हँडलच्या नळीभोवती दोरी अडकवून दोन्ही टोकं मागे एक्सलच्या दोन पट्ट्यांपर्यंत ताणून धरा. मधल्या सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. पाच-सहा असेल तर मागचा भाग वाकलेला आहे. साधं पोलाद असेल तर जाणता मिस्त्री तो थंडच वाकवून जागेवर आणू शकतो, पण त्याची मजुरी भावातून वजा करा. चिमटा बाजूने बघा. त्याच्या नळ्या वरच्या भागात हँडलच्या नळीच्या रेषेत असायला हव्यात. मागे सरकलेल्या असतील तर धडक बसलेली आहे. वाकलेला चिमटा सरळ करून घेऊ नका, बदला. एकदा वाकून सरळ केलेलं लोखंड त्याच जागी पुन्हा आणि लवकर जातं.

चुंबक रंगाखालची पुट्टी शोधायला. नळीवरून हळू फिरवा. एखाद्या ठिकाणी पकड ढिली वाटली तर खाली पुट्टी भरलेली आहे, म्हणजे खड्डा किंवा गंजाचं भोक झाकलेलं आहे. शेवटी सायकल उलटी करून बीबीच्या डब्यावर पान्याच्या मुठीने ठोका. पाऊस आणि धुण्याचं पाणी सीटच्या नळीतून तिथेच साचतं. गंजाचा भुगा चमचाभर पडला तर ठीक, मूठभर पपडे पडले तर नळी आतून खाल्लेली आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात वापरलेली सायकल असेल तर हे दोनदा तपासा. तिथल्या खाऱ्या बोअरच्या पाण्याने धुतलेल्या सायकली वरून चकचकीत आणि आतून पोकळ निघतात.

सीटची दांडी आणि हँडलची दांडी हलतात का तेही तिथेच बघा. सीटची दांडी अडकलेली असणं ही छोटी गोष्ट वाटते, पण गंजाने जाम झालेली दांडी काढण्यात अर्धा दिवस आणि कधी कधी फ्रेमही जाते.

इतकं पास झालं तर मापं घ्या. पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं टायरचं. वीस इंच म्हटलं की एकच माप असं दुकानदारही समजतात. दशांशात लिहिलेलं २० × १.७५ किंवा २० × २.१२५ म्हणजे ४०६ मिलिमीटरची रिम. अपूर्णांकात लिहिलेलं २० × १ ३/८ म्हणजे बहुतेक ४५१ ची. दोन्हींत ४५ मिलिमीटरचा फरक, टायर एकमेकांवर चढणारच नाहीत. जुन्या टायरच्या कडेला ४७-४०६ किंवा ५७-४०६ असं कोरलेलं असेल तर निर्धास्त राहा, हे टायर-ट्यूब तालुक्याला मिळतात. ४५१ निघाली आणि तुमच्या दुकानात त्या मापाचा टायर नसेल तर ती सायकल तुमच्या कामाची नाही.

दुसरं माप क्रँकचं, म्हणजे पेडल ज्याला लागतं त्या हाताचं. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या सायकलींना कॉटरचा क्रँक असतो; कॉटर म्हणजे क्रँक एक्सलवर पक्का करणारी तिरपी खीळ. कॉटर, एक्सल, कप, छर्रे, सगळं कुठेही मिळतं. अमेरिकी जुन्या बीएमएक्सला बहुतेक एकसंध वाकवलेला क्रँक असतो, म्हणजे दोन्ही हात आणि मधला एक्सल एकाच सळईचे. तो अतिशय दणकट, पण त्याच्या बीबीच्या डब्याचं आतलं माप ५१.३ मिलिमीटर, आत आटे नाहीत आणि कप ठोकून बसवलेले. त्याचे कोन (एक्सलवरचे शंकूसारखे भाग, ज्यांवर छर्रे फिरतात) गेले तर तुमच्या मिस्त्रीकडे मिळायची शक्यता कमी. पेडलचे आटेही वेगळे: एकसंध क्रँकला १/२ इंची, बाकीच्यांना ९/१६ इंची. म्हणजे पेडल तुटलं तरी शोधाशोध. नागपूरच्या सायकलीला असा क्रँक असेल तर तो हातात धरून फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. गुळगुळीत फिरला पाहिजे. खरखर असेल तर त्या भागाची किंमत आणि तो मागवायचा खर्च धरून भाव बोला.

तिसरं हँडलच्या उभ्या दांडीचं. जुन्या अमेरिकी बीएमएक्समध्ये ती २१.१ मिलिमीटर असते, बऱ्याच इतर सायकलींत २२.२. एक मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. २१.१ ची दांडी २२.२ च्या चिमट्यात घातली तर कितीही आवळा, हँडल फिरतच राहतं आणि दोष बोल्टला दिला जातो.

चौथं तुमच्या शरीराचं. पाच फूट सात इंच उंचीला वीस इंची सायकल बसून चालवायला छोटीच पडणार. सीटची दांडी खूप वर काढली तर साध्या पोलादाच्या नळीवर ओढ येते. निदान ६५ मिलिमीटर दांडी आत राहिली पाहिजे. शर्यतीचा नेहमीचा गिअर पुढे ४४ आणि मागे १६ दातांचा. त्यात पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ४.३ मीटर जाते, मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी पंधराएक किलोमीटर. आपली अठ्ठावीस इंची काळी सायकल ४८ आणि १८ वर एका फेऱ्यात सहाएक मीटर जाते. तेव्हा रोज वावरात जायला, तेही डबा आणि फवाऱ्याची बाटली घेऊन, ही सायकल घेऊ नका. संध्याकाळी फिरवायला आणि पोरांसोबत खेळायला घेत असाल तर पांदण तिच्यासाठीच आहे.

बांधावरून उडी मारायची इच्छा मात्र देशी साध्या फ्रेमवर सोडून द्या. फुटाच्या उडीत काही होणार नाही, पण त्या फ्रेमा वारंवारच्या आपटण्यासाठी नाहीत. त्या अचानक तुटत नाहीत, महिनोन् महिने भेग वाढवत राहतात. उडीच मुख्य असेल तर बजेट वाढवून जाड पट्टीची, खऱ्या ४१३० ची फ्रेम शोधा.

घेतलीत असं धरून आता कामाकडे वळतो. रंगापासून सुरुवात करावी का, तर नाही, आणि हे जरा ठासून सांगतो. सायकल उभी करताना उत्साह सगळा रंगात खर्च होतो, आणि छर्रे, कोन, कप मात्र जुनेच राहतात. शिवाय रंगवलेल्या फ्रेमवर पाने लावून जाम बोल्ट सोडवायला गेलात तर रंगाची वाट लागते. आधी सगळं सोडवा, कोरडं जोडून पाहा, चालवून पाहा, मग पुन्हा खोलून रंगवा. कंटाळवाणं आहे, पण वाकडा चिमटा किंवा चुकीचा एक्सल रंगाच्या आधीच उघडा पडतो.

सोडवताना प्रत्येक नट-बोल्टवर आदल्या रात्री डिझेल आणि थोडं इंजिन ऑइल मिसळून सोडा. उलटे आटे कुठे ते लक्षात ठेवा, कारण याच जागी लोक पाना घेऊन लटकतात आणि भाग तोडतात. डावं पेडल उलट्या आट्याचं. कप आट्यांचे असतील तर चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा. एकसंध क्रँक असेल तर डावीकडचा लॉकनट आणि कोन उलट्या आट्याचे. हे तिन्ही घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की सुटतात.

कॉटर काढताना नट पूर्ण काढू नका. तो कॉटरच्या टोकाशी समपातळी येईपर्यंत ढिला करा, म्हणजे हातोडीचा मार नट झेलतो आणि आटे पसरत नाहीत. क्रँकखाली जाड पाइपचा तुकडा उभा ठेवून आधार द्या, तो जमिनीला टेकलेला असला पाहिजे. मग दहा हलके ठोके नाही, एकच दणकून. हलक्या ठोक्यांनी कॉटरचं डोकं चेपतं आणि तो भोकातच फुगतो. फुगलाच तर ड्रिल हा एकच उपाय. नवीन कॉटर घ्यायला जाताना जुना सोबत न्या, जाडीत थोडा फरक असतो. बसवताना दोन्ही कॉटरची तिरपी बाजू आपापल्या क्रँकच्या हिशोबाने सारख्याच क्रमात हवी: डावा क्रँक पुढे आणून त्याचा नट खाली येत असेल, तर उजवा क्रँक पुढे आणल्यावर त्याचाही नट खालीच आला पाहिजे. उलटे बसले तर दोन पेडल समोरासमोर येत नाहीत आणि चालवताना पाय लंगडतो. मग लोक क्रँक वाकला म्हणून बदलतात.

सगळे छर्रे नवीन टाका. हा खर्च दोन अंकी किंवा फार तर शंभरीच्या घरात आहे, तो वाचवू नका. पुढच्या हबला साधारण ३/१६ इंची, प्रत्येक बाजूला दहा. मागच्या हबला १/४ इंची, प्रत्येक बाजूला नऊ. बीबीला १/४ इंची, प्रत्येक बाजूला अकरा. हँडलच्या रेसेसमध्ये, म्हणजे तिथल्या छर्ऱ्यांच्या वाट्यांत, मापं बदलतात, तिथे जुने मोजून न्या. जुने आणि नवे मिसळू नका. जुना छर्रा केसाएवढा झिजलेला असतो, त्यामुळे सगळा भार दोन-चार नव्या छर्ऱ्यांवर येतो आणि ते कोनाला खड्डे पाडतात. वाटीत गच्च भरून मग एक काढून टाकायचा, तेवढी मोकळीक हवी. कोनावर चंद्रकोरीसारखे खड्डे दिसले तर कोनही बदला. ग्रीस साधं चालतं, पण ट्रॅक्टरच्या डब्यातलं घेऊ नका, त्यात वाळू असतेच.

कोन आवळताना चाक हलूही नये आणि अडूही नये. परीक्षा सोपी आहे: चाक हवेत धरून व्हॉल्व्ह आडवा ठेवा आणि सोडा. व्हॉल्व्हचं वजन एवढंसंच, तरी तो आपोआप खाली आला पाहिजे. नाही आला तर कोन आवळलेला आहे.

चेनसाठी पट्टी लावा. बारा इंचांत बारा पूर्ण जोड येतात. तेच बारा जोड बारा आणि एक-अष्टमांश इंचापर्यंत पोचले असतील तर चेन आणि फ्रीव्हील दोन्ही बदला. नुसती चेन बदलली तर जुन्या दातांवर ती उड्या मारेल. त्याच्या निम्म्याने वाढली असेल तर चेन बदलून भागतं. बसवल्यावर मधल्या जागी बोटाने वर-खाली दहा-बारा मिलिमीटर सैल राहू द्या. ताठ चेन एक्सल आणि बीबी दोन्ही खाते.

रिमचा आऊट, म्हणजे फिरताना ती डावी-उजवीकडे जाते तो वाकडेपणा, काढणं हे शिकून घेण्यासारखं काम आहे. सायकल उलटी करा, ब्रेकचा रबर रिमला जवळजवळ टेकेल असा ठेवा, म्हणजे तोच तुमचा इशारा. रिम उजवीकडे येत असेल तर तिथल्या हबच्या डाव्या बाजूच्या आऱ्यांचे निपल (आऱ्याच्या टोकाचे छोटे नट) पाव वळसा आवळा, उजव्यांचे तेवढेच ढिले करा. अर्ध्या वळशापेक्षा जास्त एका वेळी नको. एक मिलिमीटरच्या आत आणलं की पुरे. निपल जाम असतील तर आधी तेल द्या, नाहीतर आरा आतल्या आत पिळवटतो. जोराने फिरवला आणि कट्कन आवाज आला तर तो गेला. नवीन आरा घेताना जुना सोबत न्या, लांबी आणि जाडी दोन्ही जुळायला हवी.

आता गंज. छोटे भाग सायट्रिक ॲसिडमध्ये, किराण्याच्या दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं ते. लिटरभर पाण्याला पन्नास ते शंभर ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत. दोन-तीन तासांनी बघायचं, फार गंज असेल तर रात्रभर. बाहेर काढून गोड्या पाण्याने धुवा, चिमूटभर खाण्याचा सोडा टाकलेल्या पाण्यात बुडवा, लगेच पुसा, उन्हात वाळवा, तेल लावा. यातलं वाळवणं राहिलं तर तासाभरात नारिंगी थर पुन्हा चढतो. ॲल्युमिनियमचे भाग यात रात्रभर ठेवू नका. क्रोमच्या रिमला आणि हँडलला ॲसिड नकोच, पपडा सुटलेल्या जागेतून ते आत जातं. तिथे स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळून, पाण्यात भिजवून घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते, त्यामुळे ओरखडे न पडता गंज निघतो. राहिलेले काळे ठिपके तसेच असू द्या. नव्याने क्रोम करण्याचा खर्च तुमच्या सायकलीच्या किमतीला परवडणारा नाही.

जुना रंग निम्म्याहून जास्त शाबूत असेल तर मी तो ठेवतो, नुसता धुऊन मेण लावतो. जुना मूळ रंग आणि मूळ स्टिकर एकदा घासले की परत येत नाहीत, आणि पुढे विकायला गेलात तर त्यांचीच किंमत असते. रंगवायचंच ठरवलं तर कोरडं घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, तुमची सायकल त्याच्या कितीतरी आधीची. पाणी लावून पॉलिश पेपर मारा, तोंडाला मास्क, आणि तो चिखल गोठ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नका. घरातल्या लेकरांना लांब ठेवा.

१८० नंबरच्या पेपरने गंज आणि सुटलेला रंग काढा, ३२० ने कडा गुळगुळीत करा. मग प्रायमरचे दोन पातळ हात, वाळल्यावर ४०० किंवा ६०० ने हलकं घासून रंगाचे तीन हात, वर लॅकर. चारशे मिलिलिटरच्या डब्यांत हिशोब केला तर एवढ्या फ्रेम आणि चिमट्याला प्रायमरचा एक, रंगाचे दोन आणि लॅकरचा एक पुरतो. वीस-पंचवीस सेंटिमीटर लांबून मारा. दोन हातांत दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. ओघळ आला तर लगेच पुसू नका, वाळू द्या आणि घासून काढा. बीबीचे आटे आणि हँडलच्या नळीची तोंडं कागदी टेपने बंद करायला विसरू नका. आट्यांवर रंग बसला की कप तिरका चढतो.

मोसमाबद्दल आपल्याकडे फार चुकतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असतो, रंगाचा थेंब लोखंडावर पोचण्याआधीच अर्धा वाळतो आणि फ्रेम सँडपेपरसारखी खरखरीत होते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लॅकरवर दुधट पडदा येतो. दिवाळी ते होळी हा काळ चांगला, तोही सकाळी दव गेल्यावर. फक्त शेजारच्या खळ्यात तुरीची किंवा हरभऱ्याची मळणी चालू असेल तर त्या दिवशी डबा उघडू नका. कुटाराची धूळ ओल्या रंगावर बसली की सगळं पुन्हा घासावं लागतं. रंगवल्यावर आठवडाभर काही जोडू नका, वरून कोरडा वाटला तरी आतून मऊ असतो आणि नटाखाली चेपतो.

वेल्डिंगचं एक सांगायचं राहिलं. मागची पट्टी तुटली असेल तर गॅसने पितळ भरून जोडता येते. गेट-ग्रिल करणाऱ्याकडे नेऊ नका. त्याच्या जाड रॉडने नळीला भोकं पडतात आणि जोडाच्या शेजारचं लोखंड कडक होऊन ठिसूळ होतं. हँडलच्या नळीजवळची भेग कोणाकडूनच जोडून घेऊ नका.

टायर चढवण्याआधी रिमच्या आत जुन्या ट्यूबची पट्टी बसवा, आऱ्यांची टोकं ट्यूबला टोचत नाहीत. आपल्या पांदणीवर बाभळीचा काटा आणि सराटा यांचंच राज्य आहे. टायर आणि ट्यूबमध्ये जुन्या ट्यूबचा उभा चिरलेला थर घातला तर सराट्याचे पंक्चर बरेच कमी होतात. बाभळीचा लांब काटा तरीही जातो, हे खरं. सायकल थोडी जड होते, पण रोज सोल्युशन लावण्यापेक्षा परवडतं. हवा ३५ ते ४५ पीएसआय, उन्हाळ्यात सकाळी भरा आणि सायकल सावलीत ठेवा.

पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक चालू ठेवा. फोटोत छान दिसतं म्हणून काढणारे आहेत, तुम्ही काढू नका. पोलादाच्या रिमवर पावसात ब्रेक तसाही अर्धाच लागतो. ब्रेकचे रबर नवे, केबल नवी, आणि रबराचं पुढचं टोक रिमला मिलिमीटरभर आधी टेकेल असं बसवा, किंचाळणं थांबतं. काळ्या मातीच्या चिखलात चालवाल तेव्हा घरी आल्याबरोबर ब्रेक आणि चिमट्यात अडकलेला चिखल काढा. ती माती वाळली की सिमेंट होते आणि चाक अडवते.

पैशांचं बघू. टायर-ट्यूबची जोडी हाच सगळ्यात मोठा खर्च, हजाराच्या आसपास. चेन, फ्रीव्हील, छर्रे, कॉटर, केबल आणि ब्रेक मिळून तेवढेच किंवा थोडे जास्त. रंगाचे डबे हजार-दीड हजार. भाव गावागणिक बदलतात, पण फ्रेम आणि रिमा चांगल्या असतील तर कबाड्याची सायकल बाराशे धरून सहा हजारांत बसते. नऊ हजारांची थोडी कमी करून घेतलीत तरी टायर, छर्रे, केबल तिलाही लागणारच, आणि भाग बाहेरून मागवायचे. यवतमाळची सायकल दोरी आणि खडूच्या परीक्षेत पास झाली तर तीच घ्या. भाव हजारावर आणा आणि जुन्या टायरचा भाव वेगळा देऊ नका. नापास झाली तर दोन्ही सोडा आणि दुसरी शोधा.

पहिले वीस-तीस किलोमीटर झाले की कॉटरचे नट, एक्सलचे नट आणि हँडलचा बोल्ट पुन्हा आवळा. नवे कॉटर बसतात तसे थोडे ढिले होतातच. क्रँकमधून टक्-टक् येत असताना तसंच चालवत राहिलात तर कॉटरचं भोक लांबट होतं, मग क्रँकच बदलावा लागतो.